लॉगिनलाच 'कॅनॉट अलोकेट मेमरी': रॅम घेण्याआधी हे बघा

भाऊ, चोपड्याच्या लॅबमधल्या लिनक्स मशीनवर विद्यार्थ्यांना लॉगिन होत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सांगतो: जळगावच्या गोलाणी मार्केटला रॅम आणायला जाऊ नका. पासवर्ड बरोबर, लगेच 'कॅनॉट अलोकेट मेमरी' आणि विद्यार्थी बाहेर. रूट (मशीनचा मुख्य प्रशासक) मात्र बिनदिक्कत आत, आणि मेमरी दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमध्ये ८ पैकी ५ जीबी मोकळी. मेमरी खरंच संपली असती तर ती इतकी मोकळी दिसली नसती. इथे कुणीतरी मर्यादा घातलीय.

आधी ईटीसीतल्या सिक्युरिटी फोल्डरातली लिमिट्स डॉट कॉन्फ ही मर्यादांची फाइल उघडा. शेजारच्या लिमिट्स डॉट डी मधल्या फाइलीही बघा, कारण त्या नंतर वाचल्या जातात. 'एएस' (ॲड्रेस स्पेस, म्हणजे मेमरी-पत्त्यांची जागा) नावाची ओळ शोधा. ती तारांकनाने (*) सगळ्यांना लावलेली असेल तर रूट का सुटला हेही कळतं: तारांकनाची मर्यादा रूटला लागू होत नाही.

आता आकडा बघा. तो केबीमध्ये असतो. २ जीबी द्यायचे म्हणून कुणी एमबीच्या हिशेबाने २०४८ लिहिलं, तर मिळतात फक्त २ एमबी! क्विंटलचा आकडा किलोत मोजल्यासारखं. खरा आकडा हवा २०९७१५२. शिवाय ही मर्यादा वापरलेल्या रॅमवर नसते, प्रोग्रामने मागितलेल्या सगळ्या मेमरी-पत्त्यांच्या जागेवर असते. त्यात लायब्ररीही मोजल्या जातात, म्हणून बॅश (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्राम) सुरू होतानाच कोसळतो. जावा आणि ब्राउझर तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जागा मागून ठेवतात. माझं स्पष्ट मत, ही ओळ काढूनच टाका. 'आरएसएस' (प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमची मर्यादा) लिहून पळवाट काढू नका, आताच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्याचा काहीच परिणाम होत नाही. पोरांना खरोखर आवर घालायचा असेल तर सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा आणि सेशन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) यूजर स्लाइसला, म्हणजे वापरकर्त्याच्या गटाला, मेमरीमॅक्स ही मर्यादा लावा.

बदल करताना रूटचं एक टर्मिनल उघडंच ठेवा. दुसऱ्यातून 'एसयू हायफन' (वापरकर्ता बदलायची कमांड) करून एखाद्या विद्यार्थ्याच्या नावाने आत जाऊन बघा. जुन्या सेशनला नवी मर्यादा लागत नाही.

तशी ओळच सापडली नाही, तर ईटीसीतल्या प्रोफाइलमध्ये 'युलिमिट' (मर्यादा घालणारी कमांड) शोधा. तिथेही नसेल तर व्हीएम डॉट ओव्हरकमिट मेमरीची किंमत बघा; असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही हे कर्नलला ही सेटिंग सांगते. ती २ असेल आणि स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) नसेल, तर ८ जीबीच्या मशीनवर साधारण ४ जीबीलाच कर्नल नाही म्हणतो, आणि तिथेही रूटसाठी थोडी जागा राखीव असते. प्रॉक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलीमधले कमिटलिमिट (कबूल करायची कमाल मेमरी) आणि कमिटेड एएस (आतापर्यंत कबूल केलेली) हे दोन आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.