दम्याच्या स्टेरॉइड पंपामुळे विषाणूंचा संसर्ग लवकर होतो का?

तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला दम्यासाठी रोज दोन वेळा स्टेरॉइडचा पंप घ्यावा लागतो, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते असे तुम्ही ऐकले आहे, आणि पावसाळ्यात सर्दी-फ्लूची साथ असेपर्यंत पंप बंद ठेवावा का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया तो आपल्या मनाने बंद करू नका. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि लहानपणापासून दम्याची रुग्ण आहे, त्यामुळे तुमची भीती मला चांगलीच ठाऊक आहे.

विषाणूची लागण होणे आणि लागण झाल्यावर त्रास वाढणे या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७६ जोडपी होती, प्रत्येक जोडप्यातील एकाला ॲलर्जीचा दमा होता आणि दुसरा जोडीदार निरोगी होता. एकाच घरात राहणाऱ्या या दोघांना सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसची लागण जवळपास सारख्याच प्रमाणात झाली. मात्र निरोगी जोडीदाराची सर्दी बहुधा नाकापुरतीच राहिली, तर दमेकऱ्याच्या छातीतील त्रास अधिक तीव्र होता आणि अधिक दिवस टिकला. याचे एक कारण श्वासनलिकेच्या अस्तरात सापडते. विषाणू शिरताच तेथील पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवून त्याची वाढ रोखतात. काही दमेकऱ्यांच्या पेशींत हा प्रतिसाद दुबळा पडतो, असे २००५ आणि २००६ मधील प्रयोगांत आढळले. त्यात आधीच सुजलेल्या नलिकेवर विषाणूची नवी सूज चढली की धाप लागते. तुमच्या मुलाच्या वयाच्या, म्हणजे ९ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये दमा बळावण्याच्या सुमारे ८० ते ८५ टक्के प्रसंगी विषाणू सापडल्याचे १९९५ मध्येच दाखवले गेले होते.

रोजचा पंप हीच आधीची सूज उतरवून ठेवतो. म्हणून साथीच्या दिवसांत त्याची गरज कमी होत नाही, वाढते.

आता स्टेरॉइडच्या भीतीविषयी. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती मुख्यतः श्वासनलिकेतच काम करते. दम्याचा जोराचा झटका आला तर मात्र प्रेडनिसोलोनच्या गोळ्या काही दिवस द्याव्या लागतात; त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि ते औषध रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचते. या दोन औषधांची ताकद वजनाच्या मापाने सरळ ताडून पाहता येत नाही, हे खरे. तरीही प्रतिकारशक्तीची काळजी करायची तर ती वारंवार घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांची करावी. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर ज्या स्टेरॉइडची चर्चा झाली, तीही अशी तोंडावाटे किंवा शिरेवाटे दिलेलीच होती. पण लोकांच्या मनात ‘स्टेरॉइड’ हा एकच शब्द राहिला आणि पंपही त्यात भरडला गेला.

मार्च २०२० मध्ये मी स्वतः ही चूक केली. कोरोनाच्या धास्तीने, कोणालाही न विचारता, मी पंप थांबवला. तीन आठवड्यांनी साधी सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि ज्या औषधाला घाबरून मी पंप सोडला होता त्याच्याच गोळ्या मला आठवडाभर घ्याव्या लागल्या. पुढे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्वासावाटे स्टेरॉइड घेणाऱ्या दमेकऱ्यांच्या कफातील पेशींत, कोरोना विषाणू ज्याला चिकटतो त्या एसीई-२ प्रथिनाची जनुकीय अभिव्यक्ती, म्हणजे ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचे काम, कमी आढळली. यावरून पंप कोरोनापासून संरक्षण देतो असा निष्कर्ष मी काढणार नाही, पण माझी भीती उलट्या दिशेने धावत होती एवढे मला तेव्हा कळले.

पंपाचे दुष्परिणाम अगदीच नाहीत असे नाही. तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. त्यासाठी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, वापरावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मुलांच्या उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो. मात्रा कमी करण्याचा विचार अवश्य करावा, परंतु दमा काही महिने आटोक्यात असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ऐन साथीत नव्हे.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून ती जूनपूर्वी घेतलेली बरी. दमा असलेल्या मुलांसाठी टोचून दिली जाणारी लस योग्य. सर्दी झाली तर काय वाढवायचे, लगेच आराम देणारा पंप किती वेळा द्यायचा आणि कोणत्या टप्प्यावर रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. मुलगा एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.