कंबरदुखी: एमआरआय, पट्टा आणि गरबा

प्रश्न : वय ५२. सहा महिने कंबर दुखते आहे. एमआरआयमध्ये डिस्क फुगलेली, मणके झिजलेले आले. तेव्हापासून मी वाकत नाही. ऑपरेशन करावं लागेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पायात कळ, मुंग्या, अशक्तपणा यांतलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तसं नसेल तर ऑपरेशनचा विचार सोडा. ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशा पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तरी सुमारे ६० टक्क्यांत डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली आणि ८० टक्क्यांत झिजलेली दिसते. केस पिकतात, तसंच हे. अहवाल हातात देताना रुग्णाला हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण खरं नुकसान पुढे होतं. माणूस जपून राहतो, स्नायू दुबळे होतात, मग जराशा हालचालीनेही दुखतं आणि भीती वाढते. तुम्ही पुन्हा वाकायला लागा, आधी थोडं, रोज. थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या.

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा, मकरपुऱ्यात नोकरीला. पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी तासभर कंबर आखडलेली असते. चाललं की मोकळी होते. सगळे म्हणतात, खुर्चीचा दोष.
– एक आई, रावपुरा

उत्तर : खुर्चीला दोष देऊन थांबू नका. तरुण वय, विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं, हे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस असू शकतं. हा मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा आजार आहे. त्याला संधिवाततज्ज्ञांकडेच न्या. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, घरात कुणाला सोरायसिस हा त्वचारोग आहे का, हे आवर्जून सांगा. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं नव्हे. कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआयही पाहावा लागतो. निदान वर्षानुवर्षं लांबतं, आणि औषधं तर आज चांगली आहेत.

प्रश्न : कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) किती दिवस?

उत्तर : जुनाट कंबरदुखीत दोन्ही नकोत, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३चा सल्लाही तोच आहे. मात्र लघवी अडकणं, बसण्याची जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप, घटतं वजन किंवा पूर्वीचा कर्करोग असेल तर लवकर तपासून घ्या. आपल्याकडे मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही.

प्रश्न : आता बरी आहे. नवरात्रात गरबा खेळू ना?

उत्तर : जरूर खेळा! फक्त वर्षभर बसून एकदम पहिल्या रात्री तीन तास नको. आजपासून कमाटीबागेत चालायला लागा, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांवर एक अभ्यास झाला, तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. चालण्याचा कार्यक्रम दिलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं २०८ दिवस तरी उलटलं नाही. इतरांमध्ये हाच काळ ११२ दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं तर घाबरू नका, पण पायात कळ उतरली तर त्या रात्री थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.