पिक्सेल बघून भुलू नकोस
रेट्रो प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम, घेण्याआधी ट्रेलर नको, कुणी सलग खेळतानाचा व्हिडिओ बघ. ठोकळेदार पिक्सेल-चित्रं आणि चिपट्यून (जुन्या गेमसारखं बीप-बीप संगीत) कुणालाही जमतात. घोळ असतो तो उडीत. १९८६च्या 'कॅसलव्हेनिया'त उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. पण तिथले खड्डे, शत्रू हे सगळं ती अडचण धरूनच मांडलंय, त्यामुळे मेलास तरी चूक तुझीच वाटते. नकला करणारे ती ताठर उडी तेवढी उचलतात आणि शत्रू वाट्टेल तिथे पेरतात. निव्वळ आळस! पहिल्या लेव्हलवरून ठरवू नकोस, ती घासूनपुसून ठेवलेली असते, तिसरी-चौथी बघ. सुरुवातीला २०१४चा 'शव्हल नाइट' घे. त्यात मेल्यावर खजिन्याचा काही भाग तिथेच सांडतो, तो परत जाऊन उचलता येतो.