अ‍ॅलेक्समध्ये कमी गुण आले तर अमेरिकेतला प्रवेश जाईल का?

नाही, काळजी करू नका. तुमच्या मुलीला विद्यापीठाने प्रवेश दिलेलाच आहे. अ‍ॅलेक्स (ALEKS) ही ऑनलाइन गणिताची चाचणी तिला पहिल्या सत्रात कॅल्क्युलसला बसवायचं की आधी प्रीकॅल्क्युलस करायला लावायचं, एवढंच ठरवते. पण ती हलक्यात घेऊ नका, कारण खालचा कोर्स मिळाला तर एक सत्र आणि त्याची फी जास्तीची जाते.

गुण ० ते १००, प्रश्न जास्तीत जास्त ३०. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. आपल्या ठाण्यातल्या क्लासमध्ये सीईटीसाठी मुलांना पर्याय टाकून बघायची सवय लागते. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून अंदाजही ठोकतात. अ‍ॅलेक्समध्ये बहुतेक उत्तरं स्वतः टाइप करावी लागतात. उदाहरणार्थ, √(क्ष + ३) = क्ष − ३. वर्ग केला की १ आणि ६ मिळतात, पण १ मूळ समीकरणात बसत नाही. पर्याय समोर नसले की हुशार मुलंही तो लिहून मोकळी होतात. येत नसेल तर 'माहीत नाही' हे बटण आहे, तेच दाबावं.

बारावीचं इंटिग्रेशन बाजूला ठेवून नववी ते अकरावीचं बीजगणित, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती पक्की करून घ्या. पहिल्या प्रयत्नानंतर ती जिथे कमी पडली तिथला सराव अ‍ॅलेक्समध्येच उघडतो, आणि बहुतेक विद्यापीठं पुन्हा चाचणी देऊ देतात. किती वेळा, ते प्रवेशाच्या ईमेलमध्ये बघा.

आणि कृपा करून शेजारी बसून उत्तरं सांगू नका. झेपणार नाही अशा वर्गात ती एकटीच बसणार आहे.