घरचं काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही बिबवेवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. वडिलांनी जपलेले दिवाळी अंक खोक्यांत पडून आहेत. ते आणि काही मोठे डबे ठेवायला हॉलमध्ये प्लायची साधी मांडणी स्वतः करायची आहे, चार फूट रुंद, पाच फूट उंच. ओळखीचे सुतार म्हणतात १२ मिमीचा प्लाय पुरे, मध्ये उभी फळी नको, मोकळं दिसतं. दुकानदार म्हणतो १८ चा मरिन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायच घ्या. कुणाचं ऐकावं? घरी ड्रिल आहे, पण शीट कापायला काही नाही. मुलगी तीन वर्षांची आहे.

उत्तर : जाडीसाठी दुकानदाराचं ऐका, मरिनसाठी ऐकू नका. मधली उभी फळी मात्र घालाच.

पिंपरीच्या एका कारखान्यात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने करण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे फळीला झोळ आलेला मला बघवत नाही. झोळ किती येणार हे मुख्यतः दोन आधारांमधलं अंतर ठरवतं. सारखीच ठासून भरलेली फळी दुप्पट लांब केली तर ती सोळापट वाकते. आणि १८ ऐवजी १२ मिमी घेतली तर बाक तिपटीहून जास्त. अंकांचा फूटभर रुंद गठ्ठा वजनकाट्यावर ठेवून बघा, दहा किलोच्या आसपास भरेल. हे वजन वर्षानुवर्षं तिथंच राहणार, आणि एकदा बसलेला झोळ गठ्ठे उतरवले तरी पूर्ण जात नाही. वरून कितीही भारी सनमायका लावा, त्यानं यात काही फरक पडत नाही.

मरिन प्लायचं मानक आयएस ७१०. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी त्याची चाचणी असते. ओट्याखाली, सिंकपाशी तो हवाच. हॉलमधल्या कोरड्या भिंतीला आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा प्लाय चालतो. भिंतीपलीकडे बाथरूम असेल किंवा पावसाळ्यात ओल येत असेल तर त्याच मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा घ्या. शिक्क्यापेक्षाही मी शीटची कड आधी बघतो. थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर ती शीट घेऊ नका. नेमका तिथंच स्क्रू आला तर तो नुसता फिरत राहतो.

आता माप. चार फुटांचा हट्ट सोडून तीन फूट रुंदी धरलीत, तर सगळा सांगाडा एका आठ बाय चारच्या शीटमध्ये बसतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मशीनवर कापून देणारे आहेत. घेण्याआधी विचारून ठेवा आणि हा कागद हातात द्या : शीटच्या लांबीत ३०० मिमी रुंदीच्या चार पट्ट्या. पहिल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी एक १५०० चा तुकडा आणि दोन ४३० चे. तिसरीतून एक १४६४ चा आणि दोन ४३० चे. चौथीतून दोन ८७८ चे. १५०० च्या दोन बाजू, १४६४ ची मधली उभी, ८७८ च्या वरची-खालची फळी आणि सहा कप्पे. पट्ट्या लांबीत कापल्यामुळे लाकडाचे वरचे रेषे फळीच्या लांबीत येतात, ताकद तिथंच लागते. शिवाय अख्खी तीसेक किलोची शीट जिन्यानं चढवायला नको, तुकडे लिफ्टमधून जातात.

जोडताना एक अडचण हमखास येते. मधल्या उभ्या फळीच्या दोन्ही बाजूंचे कप्पे एकाच उंचीवर घेतले, तर दुसऱ्या बाजूचे स्क्रू मारायला जागाच उरत नाही. म्हणून डावे कप्पे सारख्या अंतरावर लावा आणि उजवे तिन्ही कप्पे त्यांच्यापेक्षा ५० मिमी वर घ्या. डावीकडचे आधी पक्के करा, मग उजवीकडचे लांब स्क्रू-ड्रायव्हरनं. उजवीकडचा तळाचा कप्पा साधारण ४०० मिमी उंच होतो, तिथं मोठे डबे मावतील. सगळ्यात वरच्याला ३०० मिमी राहतात, नेहमीच्या आकाराचा दिवाळी अंक उभा राहतो.

प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि ८ नंबरचे ५० मिमीचे तीन स्क्रू. आधी ३ मिमीचं भोक पाडल्याशिवाय कडेत स्क्रू घालू नका, थर फाटतात. जिप्सम बोर्डसाठीचे काळे स्क्रू टाळा, जोर आला की त्यांची डोकी तुटतात. हे सगळं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळेल.

पाठीला ६ मिमीचा प्लाय लावाच. पाठ नसली की मांडणी धक्क्यासरशी तिरकी होते. फेविकॉल ओला असतानाच टेपनं दोन्ही कर्ण मोजा : दोन्ही १७५६ च्या आसपास आणि एकमेकांशी तंतोतंत सारखे आले, की पाठीचे स्क्रू मारा. गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, एवढ्या मोठ्या चौकटीला पुरत नाही.

भाड्याचं घर असलं तरी एका गोष्टीत तडजोड नको. तीन वर्षांचं मूल कप्प्यांची शिडी करतं, आणि फूटभर खोलीची पाच फुटी मांडणी अंगावर यायला वेळ लागत नाही. घरमालकांना स्पष्ट सांगून भिंतीला दोन भोकं पाडा. चौथ्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून दोन पट्ट्या काढून वरच्या फळीखाली मागे लावा आणि त्यांच्यातूनच भिंतीत प्लास्टिकची गिट्टी (प्लग) बसवून स्क्रू घ्या. तळाला प्लास्टिकचे बुश, म्हणजे छोटे पाय ठोका, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी कडेला लागणार नाही आणि वाळवीची माती आली तर लगेच दिसेल.

प्रश्न : नव्या प्लायच्या कपाटाचा वास डोळ्यांना झोंबतो. काय करावं? (एक वाचक, सांगवी)

उत्तर : थर चिकटवायच्या रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, त्याचा तो वास. उष्णता आणि दमट हवा असली की तो वाढतो. कपाटाची दारं आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, शक्य तितके दिवस त्या खोलीत झोपू नका. फळ्यांच्या खालच्या बाजू आणि उघड्या कडा बहुतेक वेळा तशाच सोडलेल्या असतात. त्यांना सीलर किंवा प्रायमरचे दोन हात द्या. पुढच्या वेळी प्लाय घेताना ई-० किंवा ई-१ लिहिलेला, म्हणजे फॉर्माल्डिहाइड कमी सोडणारा मागा.