सहीशिवायचं पोस्टर

प्रश्न : माझी मुलगी कमर्शिअल आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हात चांगला आहे. पण शिक्षण झाल्यावर जाहिरात कंपनीत न जाता लोकांच्या चळवळींसाठी पोस्टर आणि पथनाट्यं करणार म्हणते. यात पोट भरतं का? का हे चार दिवसांचं खूळ आहे? – एक आई

उत्तर : ताई, आधी पैशांचंच बोलू. ज्या चळवळीसाठी पोस्टर करायचं, तिच्याकडूनच महिन्याचा खर्च निघेल असं धरून चालू नका. वर्गणीतून जमलेले पैसे गाडीभाडं, भोंगे आणि वकील यांतच संपतात. चित्रकाराची पाळी शेवटी येते, आली तर. या वाटेवर टिकलेली जी माणसं मी पाहिली, ती पोटासाठी दुसरं काही करतात : पुस्तकांची मांडणी, व्हिडिओचं संपादन, शाळेत कलाशिक्षकी. काहींना संस्था किंवा कामगार संघटनांच्या प्रसिद्धी विभागात पगारी काम मिळतं, पण अशा जागा थोड्या. म्हणून जाहिरातीचं शिक्षण तिनं वाया गेलं असं मानू नये. उलट तेच तिला तारेल.

आता खुळाबद्दल. लुइस वाल्देझ हा नाटकवाला १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोला, द्राक्षमळ्यांतल्या मजुरांच्या संपात गेला. त्याआधी तो एका नाटकमंडळीत काम करून कसब शिकून आला होता. तिथं त्यानं नटांची फौज नेली नाही. संपकऱ्यांनाच उभं केलं, कुणाच्या गळ्यात ‘संपकरी’ तर कुणाच्या गळ्यात ‘संपफोड्या’ अशी पाटी अडकवली आणि पाटीप्रमाणे वागा म्हणून सांगितलं. बघणारे हसून लोटपोट झाले. त्यातून ‘तिआत्रो काम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांची नाटकमंडळी, उभी राहिली. ट्रकच्या उघड्या हौद्यावर प्रयोग व्हायचे. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, ही मंडळी मजुरांच्या संघटनेपासून वेगळी झाली. हेही मुलीला सांगा : चळवळीची निकड आणि कलेची भूक नेहमी एका तालात चालत नाहीत.

पण तिच्यापुढची खरी अडचण मला वेगळीच दिसते, आणि ती कुणी शिकवत नाही. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाविद्यार्थ्यांनी आपलं महाविद्यालयच ताब्यात घेतलं आणि तिथं पोस्टरं छापायला सुरुवात केली. दगडावरची छपाई फार सावकाश, म्हणून स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून छापणं, धरलं. चित्र आधी सभेपुढे ठेवायचं. घोषणा पटते का, लांबून कळतं का, यावर वाद घालायचा, मग छापायचं. खाली सही कुणाचीच नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न येतो, ‘यातलं तुमचं काय?’ त्यामुळे तिनं कच्ची रेखाटनं, फेटाळलेली चित्रं, सभेत झालेले बदल तारखेसकट जपून ठेवावेत. पोर्टफोलिओत तेच दाखवावं. ज्यांचे चेहरे त्यात दिसतात त्यांना विचारूनच. आपल्याला शोभेचा वाटणारा फोटो एखाद्याची नोकरी घालवू शकतो.

आणि हो, सभेत आपलं चित्र खोडलं गेलं की तिला राग येतो का, ते बघा. येणारच. पण दुसऱ्या दिवशी नवं चित्र घेऊन ती परत गेली, तर खूळ नव्हे. चिडून घरी बसली, तर जाहिरात कंपनीतही तेच होईल, तिथला ग्राहक याहून वाईट खोडतो.

धरपकडीची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण असणार. ती खोटी नाही. परवानगी कशाला लागते, भिंत कुणाची, वकिलाचा नंबर कुणाकडे, हे माहीत असलेल्या गटाबरोबरच तिनं सुरुवात करावी. एकटीनं रात्री भिंती रंगवायला जाऊ नये.

या सुट्टीत तिला महिनाभर एखाद्या स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात पाठवा. जाळी कशी ताणायची, शाई जास्त झाली की अक्षराच्या कडा कशा फुटतात, शंभरावी प्रत पहिलीसारखी कशी निघते, हे हातानं कळू दे. तिथून संध्याकाळी ज्या गटाच्या सभेला जाईल तिथं पहिले चार दिवस चित्र काढू नये, खुर्च्या मांडाव्यात. मग मला पुन्हा लिहा. पुढचं पत्र तिनंच लिहिलं तर आणखी बरं.