मातीकामाच्या वर्गात नव्याने मदतीला येणाऱ्यांसाठी

बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारांसोबत बसताना सगळ्यात अवघड काय, तर स्वतःचे हात आवरणं. नाक वाकडं दिसलं की बोटं शिवशिवतात. राहू द्या वाकडं.

तुमचं काम म्हणजे त्यांची कलाकृती फुटू न देणं. जाड गोळा आतून ओला राहिला की भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि तुकडे उडतात. म्हणून कलाकाराला विचारून गोळा खालून पोकळ करा, प्लास्टिकखाली सावकाश सुकवा. जोड देताना दोन्ही बाजू ओरखडून पातळ माती लावायची, हे बोलून सांगू नका. शेजारी बसून आपल्या मातीवर करून दाखवा.

जपानच्या शिनिची सावादा या स्वमग्न कलाकाराची शिल्पं जरूर बघा, २०१३च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होती. अंगभर मातीचे बारीक काटे, एकेक हाताने लावलेला. ‘आता पुरे’ म्हणून कुणी थांबवलं असतं तर? ऑस्ट्रेलियाचे कलाकार ॲलन कॉन्स्टेबल यांना फार कमी दिसतं. त्यांच्या मातीच्या कॅमेऱ्यांवर बोटांचे ठसे तसेच आहेत.

बाकी, विषय सुचवू नका. आणि काम विकलं गेलं तर पैशांचा हिशोब कलाकाराला समजेल असा, आधीच ठरवून ठेवा.